संकेत यंत्राचा, निर्णय माणसाचा

छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय दर्शविणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची संगणक प्रणाली आता रुग्णालयांत येत आहे. १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी तिच्या वापराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. वाशिमसारख्या ग्रामीण जिल्ह्यात, जेथे क्ष-किरणतज्ज्ञ सहज उपलब्ध होत नाहीत, तेथे अशी मदत मोलाची ठरते.

परंतु ही प्रणाली केवळ संशय दर्शविते; निदान थुंकीच्या तपासणीने निश्चित करावे लागते. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचे व्रणही तिला नवा आजार भासू शकतात. पूर्वी औषधोपचार झाले होते काय, हे रुग्णाशी बोलणाऱ्या परिचारिकेलाच कळते.

म्हणून असे यंत्र आणण्यापूर्वी तंत्रज्ञ व परिचारिकांना विश्वासात घेणे, यंत्राशी असहमती निर्भयपणे नोंदविण्याची त्यांना मुभा देणे आणि अंतिम जबाबदारी डॉक्टरांकडेच ठेवणे, हे आम्ही व्यवस्थापनाचे कर्तव्य मानतो. वाचलेला वेळ कर्मचारी कमी करण्यासाठी नव्हे, तर रुग्णास व त्याच्या नातेवाइकांस धीर देण्यासाठी वापरला जावा. यंत्रासाठी दान देताना ते हाताळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही विचार व्हावा, ही देणगीदारांस नम्र विनंती.