टेबलाच्या खणातली जबानी
न सुटलेले खून : लेखांक ६

मागच्या लेखात रॅपर टुपाक शकूरच्या लास व्हेगसमधल्या खुनापर्यंत आलो होतो. तो गेला १३ सप्टेंबर १९९६ रोजी. त्याला सहा महिने व्हायच्या आतच ज्याच्याशी त्याचं हाडवैर जगजाहीर होतं, तोही मारला गेला.

८ मार्च १९९७च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या पीटरसन मोटार संग्रहालयात पार्टी होती. गर्दी हाताबाहेर गेल्याने अग्निशमन अधिकाऱ्यांनी ती लवकर आटोपती घ्यायला लावली. मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला असेल. टुपाकचा हा वैरी, रॅपर नोटोरियस बी.आय.जी., म्हणजे ख्रिस्तोफर वॉलेस, सबर्बन गाडीत पुढच्या सीटवर बसून निघाला आणि हाकेच्या अंतरावर सिग्नल लाल झाला. शेजारी गडद रंगाची इम्पाला येऊन थांबली. ती चालवणाऱ्याच्या अंगात सूट, गळ्यात बो टाय. त्याने झाडलेल्या गोळ्यांपैकी चार वॉलेसला लागल्या. सव्वा वाजता डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केलं. वय २४. पुढच्या १६ दिवसांत त्याचा दुसरा अल्बम बाजारात आला. त्याचं नाव आधीच ठरलेलं होतं : ‘लाइफ आफ्टर डेथ’.

वॉलेसची कंपनी, न्यूयॉर्कची बॅड बॉय रेकॉर्ड्स, आणि टुपाकची कंपनी, लॉस एंजेलिसची डेथ रो रेकॉर्ड्स, यांची खुन्नस आपण पाहिलीच आहे. १९९४ साली मॅनहॅटनच्या स्टुडिओत टुपाकवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याचा संशय जुन्या मित्रावर, वॉलेसवर गेला आणि पुढे दोन्ही बाजूंनी गाण्यांतून उणीदुणी निघाली. मासिकांचा खप वाढवायला हे वैर झकास होतं. त्यातून खुनाचं एक कारण हाती लागतं, पण इम्पालात कोण बसलं होतं ते काही कळत नाही. माझ्या मते हे प्रकरण अडलं ते रॅपच्या दुनियेपेक्षा पोलीस खात्यात.

तपासावर असलेले रसेल पूल यांना संशय होता आपल्याच खात्यावर. लॉस एंजेलिसचे काही पोलीस ड्यूटी संपल्यावर डेथ रोसाठी सुरक्षेचं काम करत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवलं, तो पोलीस १९९७च्या अखेरीस बँक दरोड्यात पकडला गेला आणि शिक्षा भोगून आला. खुनाचा आरोप मात्र त्याच्यावर कधीच ठेवला गेला नाही. वरिष्ठ हा धागा पुढे नेऊ देत नाहीत, असं म्हणत पूल यांनी १९९९ साली नोकरी सोडली.

वॉलेसची आई व्होलेटा जमैकाहून आलेली, पेशाने शिक्षिका. पूल यांच्या याच संशयाच्या आधारे तिने आणि कुटुंबाने २००२ साली लॉस एंजेलिस शहरावर दिवाणी दावा लावला. २००५ साली सुनावणी सुरू असताना कळलं, की या संशयाशी संबंधित एका कैद्याची जबानी तपास अधिकाऱ्याच्या टेबलाच्या खणात पडून होती. नजरचुकीने राहिली, असा त्याचा खुलासा. न्यायाधीश फ्लोरेन्स-मेरी कूपर यांना तो पटला नाही. पुरावा मुद्दाम दडवला, असं म्हणत त्यांनी सुनावणी रद्द केली आणि कुटुंबाचा खर्च म्हणून सुमारे ११ लाख डॉलर भरण्याचा आदेश शहराला दिला. दावा पुढे २०१०मध्ये निकालाविनाच मिटला.

या दाव्याच्या धास्तीने २००६मध्ये पोलिसांनी नवं पथक नेमलं. त्यातले ग्रेग केडिंग पूल यांच्या अगदी उलट निष्कर्षाला आले : खुनात पोलीस नव्हते, डेथ रोच्या वर्तुळातला टोळीवाला होता. पण या पथकाच्या हाती खरं घबाड लागलं ते दुसऱ्याच खुनाचं. २००८ साली ड्वेन ‘कीफी डी’ डेव्हिसने, ‘हे बोलणं तुझ्याविरुद्ध वापरणार नाही’ या हमीवर, टुपाकला मारणाऱ्यांच्या गाडीत आपण होतो असं सांगितलं. हमी त्या बैठकीपुरती होती. गडी पुढे मुलाखतींतून आणि स्वतःच्या पुस्तकातूनही तेच बोलत सुटला आणि सप्टेंबर २०२३मध्ये त्याला अटक झाली. आता त्याने आरोप नाकारले आहेत. वॉलेसच्या प्रकरणात असा बोलघेवडा कुणी मिळालेला नाही आणि केडिंग ज्याला मारेकरी म्हणतात, तो माणूस २००३मध्येच मारला गेला.