दास, वेठ आणि उष्टे : चोखामेळा-परिवाराच्या अभंगांतील पराधीनतेचे स्वरूप

१

मराठी संतकाव्याच्या अभ्यासात ‘दास्य’ ही संज्ञा प्रामुख्याने भक्तिशास्त्राच्या अंगाने विचारात घेतली गेली आहे. नवविधा भक्तीतील सातवा प्रकार म्हणजे दास्य. भक्त हा सेवक, देव हा स्वामी आणि सेवकाने आपले सर्वस्व स्वामीच्या पायी वाहणे हे त्या भक्तीचे मर्म, असे विवेचन पाठ्यपुस्तकांतून व समीक्षाग्रंथांतून आढळते. हे विवेचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. समर्थांनी ‘रामदास’ हे नाव धारण करणे, जनाबाईने स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेणे आणि चोखामेळ्याने विठ्ठलाच्या दारी महार म्हणून उभे राहणे, या तिन्ही गोष्टी दास्यभक्ती या एकाच कप्प्यात टाकल्या की त्यांतील फार मोठे अंतर पुसले जाते. पहिल्या उदाहरणात दास्य हे स्वीकारलेले नाव आहे, दुसऱ्यात ते घरातील स्थान आहे आणि तिसऱ्यात ते जन्माने वाट्यास आलेले काम आहे.

रूपकाची ताकद त्याच्या मुळाशी असलेल्या वस्तुस्थितीवर अवलंबून असते. म्हणून संतकाव्यातील सेव्य-सेवक रूपकाचा विचार करताना प्रत्यक्ष समाजात सेवक कोण होता, त्याच्यावर कोणाची मालकी होती आणि त्याला सुटण्याची वाट होती काय, हे प्रश्न टाळता येत नाहीत. प्रस्तुत लेखात प्राचीन दास्यसंस्थेच्या पार्श्वभूमीवर चोखामेळा-परिवाराच्या अभंगांचा या दृष्टीने विचार केला आहे.

२

प्राचीन संस्कृतींत गुलामगिरी सर्वत्र आढळते. तिची रूपे मात्र भिन्न आहेत. ॲरिस्टॉटलने ‘राजनीती’ या ग्रंथात गुलामाला सजीव मालमत्ता म्हटले व काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे प्रतिपादन केले. रोमन ग्रंथकार व्हॅरो याने शेतीच्या अवजारांचे तीन वर्ग सांगताना मुकी अवजारे, अर्धवट आवाज करणारी जनावरे आणि बोलणारी अवजारे, म्हणजेच गुलाम, अशी विभागणी केली. मात्र रोममध्ये विधिपूर्वक मुक्त झालेल्या गुलामाला नागरिकत्व मिळू शकत असे. मालकी व्यक्तीची होती. त्यामुळे मालकाने ती सोडली की व्यक्ती सुटत असे.

स्पार्टामधील हेलॉट याहून वेगळे. त्यांना बाजारात विकले जात नसे. ते जमिनीला बांधलेले होते आणि एका मालकापेक्षा संपूर्ण राज्याच्या ताब्यात होते. दरवर्षी स्पार्टाचे अधिकारी त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारल्याची औपचारिक घोषणा करीत, असे ग्रीक लेखक सांगतात. विक्रीची भीती नाही आणि सुटकेची वाटही नाही, अशी ही अवस्था होती. महाराष्ट्राच्या गावगाड्यातील महाराच्या स्थितीशी तुलना करावयाची झाल्यास अथेन्सच्या गुलामापेक्षा स्पार्टाचा हेलॉट अधिक जवळचा ठरतो.

भारतात गुलाम नाहीत, असे मेगॅस्थेनीसने लिहून ठेवले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र दास व कर्मकर यांच्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. मनुस्मृती दासांचे सात प्रकार सांगते आणि नारदस्मृती पंधरा. घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दुष्काळात पोसलेला, गहाण ठेवलेला, ऋणातून सोडवलेला, युद्धात जिंकलेला, पणात हरलेला, स्वतःला विकणारा, अशी ती यादी आहे. या यादीचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक दास्याला सांगता येण्याजोगे कारण आहे. ते ऋण असेल, युद्ध असेल, दुष्काळ असेल किंवा दासीच्या पोटी झालेला जन्म असेल. कारण सांगता येते म्हणून ते दूर करण्याचा उपायही बहुतेक ठिकाणी सांगता येतो.

नारदाने दासमुक्तीचा विधी दिला आहे. स्वामीने दासाच्या खांद्यावरील पाण्याचा घट घेऊन फोडावा, अक्षता व फुले घातलेले पाणी त्याच्या मस्तकावर शिंपडावे आणि तो आता दास नाही असे तीन वेळा उच्चारावे. त्यानंतर त्याचे अन्न इतरांना चालते व तो सज्जनांत मान्य होतो. अन्न चालणे ही मुक्तीची खूण मानली गेली, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अर्थशास्त्रातील आणखी एक तरतूद ध्यानात घेण्यासारखी आहे. गहाण पडलेल्या माणसाला प्रेत उचलावयास, मलमूत्र काढावयास किंवा उष्टे उचलावयास लावल्यास धन्याची दिलेली रक्कम बुडते, असा कौटिल्याचा नियम आहे. नारदस्मृती मात्र याच प्रकारची अशुभ कामे दासाकडे सोपवते आणि शुभ कामे मजूर व सेवकांकडे. दोन ग्रंथांत मतभेद असला तरी मुद्दा एकच आहे. काही कामे माणसाला हीन करतात, याची जाणीव शास्त्रकारांना होती आणि ती कोणाला लावावी हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. मेलेले ढोर ओढणे, मर्तिकाचा सांगावा नेणे, उष्टे-शिळे मागून खाणे ही कामे गावगाड्याने ज्या जातीवर वंशपरंपरेने लादली, ती जात विकत घेतलेली नव्हती, गहाण पडलेली नव्हती आणि युद्धात जिंकलेलीही नव्हती. कौटिल्याने गहाण माणसाच्या बाबतीत जी विटंबना मानली, ती येथे रीत झाली.

३

‘वेठ’ हा मराठी शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला. विष्टि म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेले सक्तीचे काम. वाकाटक राजांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला ज्या सवलती मिळत त्यांत विष्टीपासूनची सूट असे. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीम येथे राज्य करीत होती, म्हणजे वेठीची ही भाषा वऱ्हाडच्या भूमीत दीड हजार वर्षांहून जुनी आहे. सूट राजाने द्यावयाची आणि ती दान घेणाऱ्याच्या पदरात पडावयाची, असा हा व्यवहार होता. त्यात वेठ करणारा कोठेच पक्षकार नाही. पुढे फारसीतून आलेला ‘बिगार’ हा शब्द ‘वेठ’ला जोडला जाऊन ‘वेठबिगार’ हा जोडशब्द रूढ झाला.

बुलढाणा जिल्ह्यातील बीबी, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा परिसर वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवरचा. येथील जुन्या गावांची रचना महाराष्ट्रातील इतर गावांसारखीच होती. वस्तीची पांढरी, पिकाची काळी, पांढरीभोवती गावकूस आणि कुसाबाहेर महारवाडा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे जे वर्णन केले आहे त्यात महार हा साऱ्या गावाचा चाकर दिसतो. वेशीची राखण, सरकारी सारा पोचवणे, पाटलामागे धावणे, मेलेली जनावरे ओढणे ही त्याची कामे. मोबदला म्हणून बलुते आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. गावाशिवाय त्याला दुसरा धनी नव्हता. त्यामुळे त्याला मुक्त करू शकेल असा एक मनुष्यही नव्हता.

याच परिसरातील मेहुणाराजा हे देऊळगावराजा तालुक्यातील गाव चोखामेळ्याचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. चोखामेळा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा असा हा अभंगकर्त्यांचा परिवार. चोखामेळ्याचे पुढील आयुष्य मंगळवेढा व पंढरपूर येथे गेले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळून त्याखाली त्याचा अंत झाला आणि नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारी समाधी बांधली, असे संतचरित्रे सांगतात. ज्या कुसाच्या आत राहण्याचा अधिकार नाही ते कूस बांधण्याचे काम मात्र त्याच्याकडे, हा गावगाड्याचा न्याय या मृत्यूकथेत जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल.

४

जनाबाई आणि चोखामेळा हे समकालीन. दोघेही नामदेवांच्या परिवारातले आणि दोघेही सेवकाच्या भूमिकेतून बोलणारे. तरी दोघांची रूपके भिन्न भूमीत उगवतात. जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच ती दामाशेटींच्या घरी आली आणि तेथेच राबली. तिच्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणे ही कामे येतात आणि विठ्ठल त्या कामांत हात घालतो. देव तिच्याबरोबर जात्याच्या खुंट्याला हात लावू शकतो, कारण ती घरात आहे. उत्तरकालीन मराठी कागदपत्रांत ज्यांचा ‘कुणबीण’, ‘बटीक’ अशा शब्दांनी उल्लेख येतो त्या दासी विकल्या-विकत घेतल्या जात. परंतु त्यांनी दळलेले पीठ घराला चालत असे. घरकामाच्या दासीला घराचा उंबरा बंद असून भागत नाही.

चोखामेळ्याचा प्रश्न नेमका उंबऱ्याचा आहे. त्याच्या नावावरील ‘जोहार’ अभंगांत बोलणारा महार धन्याच्या दारी येऊन मुजरा करतो, आपण भुकेला असून उष्ट्यासाठी पाटी घेऊन आल्याचे सांगतो. येथील धनी विठ्ठल आहे आणि उष्टे म्हणजे प्रसाद, असा भक्तिपर अर्थ उघड आहे. तथापि हा अर्थ सिद्ध होण्यासाठी ज्या वस्तुस्थितीचा आधार घ्यावा लागतो ती नेमकी महाराची रोजची आहे. पुढे एकनाथांनी (१५३३–१५९९) जोहाराची भारुडे रचली व महाराच्या तोंडून अध्यात्म सांगितले. एकनाथांची सहानुभूती वादातीत आहे. त्यांच्या जोहारात महार ही घेतलेली भूमिका आहे. सोंग उतरले की कवी आपल्या घरी परततो. चोखामेळ्याच्या जोहारात उतरवण्यासारखे सोंग नाही. एकाच रचनाबंधाचे हे दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचले असता रूपकाचे वजन कोठून येते हे विद्यार्थ्यांना सहज दाखवता येते.

चोखामेळा आपल्या जन्माचे कारणही सांगतो. एका अभंगात हा जन्म पूर्वी घडलेल्या कृष्णनिंदेचे फळ म्हटला आहे. नारदाच्या पंधरा दासांपैकी कोणाच्याही दास्याचे कारण मागच्या जन्मात नाही. ऋण फेडता येते, पण पूर्वजन्म फेडण्याचा उपाय या जन्मात उपलब्ध नसतो. कर्मविपाकाचा हा स्वीकार चोखामेळ्याच्या काव्याची मर्यादा म्हणून दाखवला जातो. त्याच परिवाराच्या वाणीत त्याला मिळालेले उत्तर मात्र पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही.

हे उत्तर कर्ममेळ्याचे आहे. आपली जात हीन केल्याबद्दल तो थेट श्रीपतीला जाब विचारतो आणि उष्टे खाण्यात जन्म गेला याची देवाच्या चित्ताला लाज कशी वाटत नाही, असे म्हणतो. बापाच्या जोहारात उष्टे हे कृपेचे प्रतीक होते. मुलाच्या अभंगात तेच उष्टे पुन्हा अन्नाचे शिळे शेष होते आणि आरोपाचा पुरावा बनते. एका पिढीच्या अंतरात रूपक उलगडून वस्तूकडे परत आले. लाजेची जागाही बदलली. उष्टे खाणाऱ्याने लाजावे ही समाजाची रीत. कर्ममेळा लाज देणाऱ्याकडे वळवतो. सोयराबाईने विटाळ हा देहाचाच धर्म असून त्याच्यावाचून कोणीही जन्मलेला नाही, असा युक्तिवाद केला आहे. त्याच्याशी कर्ममेळ्याचा प्रश्न जोडून वाचल्यास या परिवारात दास्याची एक अंतर्गत चर्चा चालू होती असे दिसते. हे अभंग मौखिक परंपरेने व गाथांतून आले आहेत, हे ध्यानात ठेवूनही त्यांतील स्वरांचा हा भेद नजरेआड करता येत नाही.

५

१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली. वऱ्हाड त्या वेळी निजामाकडे होता. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला. बटीक आणि गुलाम हे शब्द अशा रीतीने कायद्यातून गेले, परंतु महाराची वेठ हे ‘वतन’ असल्यामुळे ती गुलामगिरीत मोजली गेली नाही. मुंबई इलाख्यात तर १८७४ च्या वतन कायद्याने तिला नवी चौकट मिळाली. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. ज्याला कायदा गुलामगिरी म्हणत नव्हता त्याला ते नाव देणे, हे या ग्रंथाचे भाषिक कार्य आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करताना त्यांनी दाखवले की गुलाम ही मालमत्ता असल्याने त्याच्या जिवाची काळजी मालकाला घ्यावी लागे. अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ (१९४८) नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, ही नोंद साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ‘दास्य’ या एका संज्ञेखाली मराठी संतकाव्यात किमान तीन प्रकारच्या पराधीनता एकवटल्या आहेत : स्वेच्छेची, घरातली आणि गावाची. दुसरी, प्राचीन दासाला मुक्तीचा विधी होता; वेठीच्या माणसाला तो नव्हता, म्हणून चोखामेळ्याच्या काव्यात मुक्ती ही संज्ञा मोक्षाइतकीच या ऐहिक अभावाकडेही निर्देश करते. तिसरी, कर्ममेळ्याच्या अभंगांना परिवारातील गौण रचना समजण्याची प्रथा सोडावयास हवी. फुल्यांच्या ग्रंथाआधी पाचशे वर्षे उष्ट्याला उष्टे म्हणणारा हा स्वर आहे. अभ्यासक्रमात चोखामेळ्याचा जोहार शिकवताना त्याच तासाला कर्ममेळ्याचा प्रश्न वाचला गेला, तर दास्यभक्तीची व्याख्या विद्यार्थ्याला पाठ करावी लागणार नाही. ती तपासावी लागेल.