घरातील बिगोनिया : घाटातील वनस्पती कावेरीकाठी

तमिळनाडूत पापनाशम या नावाची दोन गावे आहेत. एक तिरुनेलवेली जिल्ह्यात, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, ताम्रपर्णी नदी डोंगर सोडून मैदानात उतरते तेथे. दुसरे तंजावर जिल्ह्यात, तंजावर व कुंभकोणम यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर, कावेरीच्या फाट्यांनी भिजलेल्या सपाट भातशेतीच्या मध्यभागी. पहिल्या पापनाशमच्या वरील अरण्यात बिगोनियाच्या रानटी जाती कोणी न लावता उगवतात. दुसऱ्या पापनाशममध्ये हीच वनस्पती कुंडीत, घराच्या आडोशाला, माणसाच्या देखरेखीखाली वाढवावी लागते, आणि पुष्कळदा ती पहिल्याच उन्हाळ्यानंतर मरते. तेथील माती सुपीक आहे, पाणी जवळ आहे, काळजी घेणारे हातही आहेत. मग उणीव कशाची, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मिळाले की बिगोनिया घरात जगविण्याची विद्या बव्हंशी हाती आली असे समजावे.

बिगोनिया हे नाव फ्रेंच वनस्पतिज्ञ शार्ल प्ल्यूमिए याने सतराव्या शतकाच्या अखेरीस मिशेल बेगाँ या वनस्पतिप्रेमी अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ योजिले. लिनीयसने ते कायम केले. या प्रजातीत आज 2,000 हून अधिक जाती ज्ञात आहेत. आशिया, आफ्रिका व अमेरिका या तिन्ही खंडांच्या उष्ण प्रदेशांत त्या पसरल्या आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. पानाची मधली शीर पानाचे दोन समान भाग करीत नाही; एक बाजू मोठी, दुसरी लहान, त्यामुळे पान तिरपे दिसते. नर व मादी फुले एकाच झाडावर वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे तीन पंखांचे बीजकोश असते, नर फुलाच्या मागे ते नसते. मादी फुलात भुंग्याला देण्यासारखे काहीही नसते. परंतु तिच्यातील पिवळे कुक्षिवृंत नराच्या पुंकेसरांसारखे दिसतात, आणि फसलेली मधमाशी परागाच्या आशेने तेथेही उतरते. शाळेच्या खिडकीत एक फुललेली कुंडी असेल तर विद्यार्थ्यांना हा कपटप्रकार साध्या भिंगाने पाहता येईल.

महाराष्ट्रातील वाचकांना बिगोनिया ही परदेशी बागेतील वस्तू वाटते. तसे नाही. बिगोनिया क्रेनाटा ही लहानशी जात कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर, मुंबईलगतच्या बोरिवलीच्या रानातदेखील, पावसाळ्यात ओल्या कातळावर व झाडांच्या शेवाळलेल्या बुंध्यांवर उगवते. जूनच्या पहिल्या सरींनंतर वाटाण्याएवढ्या कंदातून तिला एखाददुसरे पान फुटते, श्रावण-भाद्रपदात फिकट गुलाबी फुले येतात, आणि पाऊस ओसरला की झाड नाहीसे होते. कंद खडकाच्या फटीत पुढील जूनपर्यंत निजलेला असतो. या कातळावर मातीचा थर बोटभरही नसतो. पाणी त्यावरून सतत वाहते, पण कोठेही साचत नाही. मुळांभोवती हवा खेळती राहते आणि पानांभोवती धुके असते. बिगोनियाची सारी गरज या एका दृश्यात सामावलेली आहे : मुळाशी हवा आणि पानाशी ओलावा.

आता तंजावरच्या पापनाशमकडे वळू. मेट्टूर धरणाचे पाणी रूढ प्रथेप्रमाणे 12 जूनला कावेरीत सोडले जाते. पाणी पुरेसे असलेल्या वर्षी पुढील काही दिवसांत कालवे भरतात आणि शेतांत चिखलणी सुरू होते. सह्याद्रीवर बिगोनिया जागा होतो तेच हे दिवस. परंतु या वेळी त्रिभुज प्रदेशात पाऊस नसतो. त्याचा मुख्य पाऊस ईशान्य मान्सूनचा, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील. जून-जुलैमध्ये घाट ओलांडून आलेला पश्चिमेचा वारा आपले पाणी घाटाच्या पलीकडेच टाकून येतो. आडी महिन्याच्या वाऱ्याने पाटाही सरकतो, अशा अर्थाची एक तमिळ म्हणच आहे. म्हणजे जमीन पाण्याखाली आणि हवा कोरडी, अशी स्थिती होते. भाताला हे मानवते, कारण भाताच्या देठातून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ नळ्या गेलेल्या असतात व चिखलात बुडालेले मूळही वरून श्वास घेते. बिगोनियाला अशी सोय नाही. जेव्हा कोणी चिकण गाळाची माती कुंडीत भरून तिला दोन्ही वेळ पाणी घालतो, तेव्हा तो बिगोनियाला नकळत भाताच्या खाचरात उभा करतो.

पुढचा अनर्थ शिस्तीने घडतो. दुपारी पाने मान टाकतात. घरातील माणूस म्हणतो, झाडाला तहान लागली. आणि पाणी घालतो. मातीतील उरलीसुरली हवाही निघून जाते. श्वासाविना मुळे कुजू लागतात, कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, आणि पाने अधिकच मान टाकतात. पुन्हा पाणी घातले जाते. आठ-पंधरा दिवसांत देठ बुडाशी काळा, मऊ पडतो व झाड आडवे होते. पाण्यातच तहानेने मेलेले झाड, असे याचे खरे वर्णन आहे. म्हणून कोमेजलेले पान पाहताच तांब्या उचलू नये. प्रथम मातीत बोट घालावे. माती कोरडी असेल तर ती तहान. माती ओली असून झाड दुपारी मलूल व सायंकाळी ताजे होत असेल तर दोष हवेचा; कुंडी आडोशाला न्यावी. माती ओली आणि सकाळीही झाड मलूलच असेल तर मुळे कुजू लागली आहेत. अशा वेळी देठाचे निरोगी शेंडे कापून नवी रोपे करणे हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

हवेचा दोष म्हणजे काय, हे थोड्या आकड्यांनी स्पष्ट होईल. 25 अंश सेल्सियस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 23 ग्रॅम बाष्प धारण करू शकते. 38 अंशांची हवा सुमारे 46 ग्रॅम. पहाटेच्या 25 अंशांच्या हवेत 18.4 ग्रॅम बाष्प असेल, तर तिची आर्द्रता शेकडा 80. तीच हवा, तेवढेच बाष्प घेऊन, दुपारी 38 अंशांना तापली की आर्द्रता शेकडा 40 वर येते. बाष्प एक कणही कमी झालेले नाही. हवेची भूक मात्र वाढली आहे. ती भूक भागते पानांच्या पाठीवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून. बिगोनियाची पाने रुंद, पातळ व रसाळ. मुळे मात्र बारीक व उथळ. खर्च मोठा आणि जमा थोडी, अशा संसारासारखी त्याची गत होते. समुद्राजवळचे गाव म्हणून त्रिभुज प्रदेशातील हवा दमट असलीच पाहिजे असे मानणाऱ्यांनी दुपारी दोनची आर्द्रता एकदा मोजून पाहावी.

यावर जुन्या घरांनीच एक उपाय करून ठेवला आहे. तंजावर भागातील पारंपरिक घराच्या मध्यभागी आकाशाला उघडा चौक असतो. त्याला तमिळमध्ये मुट्रम म्हणतात. भोवताली खांबांचा सोपा, वर उतरते कौलारू छप्पर, आणि पावसाचे पाणी चौकात उतरते. महाराष्ट्रातील वाड्याचा चौक आठवावा. सतराव्या शतकात व्यंकोजी भोसल्यांबरोबर जी मराठी माणसे तंजावरात आली, त्यांना या घरात परकेपणा वाटला नसावा असे आम्हाला नेहमी वाटते. या चौकाच्या कडेला, सोप्याच्या सावलीत, बिगोनियाची जागा. वरून येणारा प्रकाश पुरेसा असतो, पण थेट ऊन येत नाही. वाऱ्याचा झोत भिंती अडवितात. धुतलेल्या फरशीचा ओलावा तेथेच रेंगाळतो. नव्या घरात चौक नसतो. तेथे पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी निवडावी व पश्चिमेची टाळावी. पंख्याखाली कुंडी ठेवू नये. पंख्याचा वारा माणसाला सुखावतो तो घाम उडवून, आणि झाडाचेही पाणी तो तसेच उडवितो.

सावलीची ही आवड अरण्याच्या तळाशी राहून जडलेली आहे. मलेशियातील बिगोनिया पाव्होनिना या जातीची पाने अंधुक प्रकाशात निळी चमकतात. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की त्या पानांतील विशेष हरितलवकांमध्ये पातळ पडद्यांचे थर ठराविक अंतराने रचलेले असतात. ही रचना निळा प्रकाश परतविते, आणि झाडीतून गाळून खाली उतरणारा हिरवा प्रकाश अधिक शोषते. मंद उजेडात त्यामुळे प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता शेकडा 5 ते 10 इतकी वाढते. अशा काटकसरी पानाला मे महिन्याचे ऊन दाखविणे म्हणजे त्याला भाजून काढणेच होय.

कुंडी मातीची, पसरट व बुडाला मोठे छिद्र असलेली घ्यावी. शेतातील गाळ वापरू नये. चाळलेले पानांचे खत, नदीची भरड वाळू व नारळाचा भुसा समभाग मिसळावे आणि त्यात कोळशाचे थोडे तुकडे घालावे. त्रिभुज प्रदेशात काथ्या वळणाऱ्यांकडे हा भुसा सहज मिळतो. मात्र तो दोन-तीन वेळा गोड्या पाण्यात धुऊन घ्यावा, कारण त्यात क्षार असू शकतात. कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार कुंडीच्या कडेला पांढरे पुट धरतात. तसे दिसल्यास ईशान्य मान्सूनमध्ये पावसाचे पाणी साठवून तेच घालावे. पाणी सकाळी, मातीचा वरचा थर कोरडा झाल्यावरच द्यावे. परातीत खडे व पाणी घेऊन त्यावर कुंडी ठेवण्याचा सल्ला पुस्तकांत वारंवार आढळतो. त्याने लाभ होतो, पण थोडा. चार-सहा कुंड्या ओल्या वाळूच्या रुंद थरावर एकमेकींजवळ मांडल्या तर अधिक होतो. पानांवर पाणी शिंपडण्याची हौस मात्र आवरावी. ओल्या पानांवर, विशेषतः हवा कोंडलेली असेल तेथे, बुरशीचे रोग लवकर पसरतात. डिसेंबर-जानेवारीत भुरीही दिसू लागते. पांढरे डाग पडलेली पाने ताबडतोब काढून टाकावी व कुंड्यांमधील अंतर वाढवावे. या दोन सूचना एकमेकींना छेद देतात हे खरे. कोरड्या महिन्यांत जवळीक आणि ओल्या महिन्यांत अंतर, असा ऋतूप्रमाणे निर्णय घ्यावा.

जातींची निवडही विचाराने करावी. गुलाबासारख्या मोठ्या फुलांच्या कंदी बिगोनियांचे पूर्वज अँडीज पर्वतातील. त्यांना थंड रात्री हव्यात. उन्हाळ्यात रात्रीही 26-27 अंशांखाली न उतरणाऱ्या गावात त्यांवर पैसे खर्च करणे व्यर्थ आहे. वेतासारख्या पेरांचे उंच देठ असलेल्या जाती सर्वांत सोशिक. पानांवर रुपेरी ठिपके असलेली ब्राझीलची बिगोनिया मॅक्युलाटा त्यांपैकीच. रंगीत पानांचा बिगोनिया रेक्स आपल्याच देशातील; तो आसामकडून युरोपात गेला आणि 1857 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. घरोघरी दिसणाऱ्या असंख्य संकरित रेक्सांचा तो मूळपुरुष होय. तो मूलक्षोडाने, म्हणजे जमिनीलगत सरपटणाऱ्या जाड खोडाने वाढतो. ते खोड मातीत पुरू नये. वरच राहू द्यावे.

रानातून कंद उपटून आणण्याचा मोह अनेकांना होतो. शाळांच्या सहलींतही हे घडते. तो मोह टाळावा. पश्चिम घाटातील कित्येक बिगोनिया थोड्याच जागी उगवतात. कातळावरील एक ओंजळ कंद म्हणजे कधी कधी तेथील साऱ्या वंशाचा साठा असतो. शिवाय सह्याद्रीचा कंद आपले घड्याळ बरोबर घेऊन येतो. त्याला जूनमध्ये पाऊस हवा असतो आणि ऑक्टोबरपासून कोरडी झोप. कावेरीकाठी ऑक्टोबरलाच मुसळधार पाऊस सुरू होतो, आणि निजलेला कंद पाण्यात कुजतो.

आणि रान लुटण्याची गरजही नाही, कारण रेक्सच्या एका पानातून दहा रोपे होतात. ऑगस्टच्या अखेरीस, उकाडा थोडा उतरल्यावर, एक पक्व व निरोगी पान देठासह कापावे. पाठीवरील मुख्य शिरांवर धारदार, स्वच्छ पात्याने बोटबोट अंतरावर छेद द्यावे. ओल्या वाळू-भुशाच्या मिश्रणावर ते पान पाठ खाली करून पसरावे आणि छेद मातीला टेकलेले राहतील अशा बेताने लहान खडे वर ठेवावे. त्यावर काच झाकावी, किंवा सारेच लोणच्याच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत करावे. काचेत कोंडलेली हवा दमट राहते, हे लंडनचा वैद्य नाथानिएल वॉर्ड याच्या ध्यानात 1829 च्या सुमारास आले. पुढे त्याच्या काचपेट्यांतून असंख्य झाडे जहाजांवरून समुद्रापार गेली. बरणीला ऊन मात्र लागू देऊ नये. उन्हात तिची भट्टी होते. आतून काचेवर थेंब दाटले तर झाकण तासभर उघडावे.

पहिले काही आठवडे काहीच दिसणार नाही, आणि याच काळात अधीर हात पान उचलून खाली डोकावतात. तसे करू नये. छेदापाशी पानाच्या पृष्ठभागावरील काही पेशी आपले पानपण सोडून पुन्हा विभागू लागलेल्या असतात. त्यांतून आधी मुळे, मग टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर निघतात. जुने पान हळूहळू विरते आणि नव्या पानांना तीच तिरपी, असमान बाजू दिसू लागते. तीन-चार पाने झाली की प्रत्येक रोप चमच्याने अलगद उचलून लहान कुंडीत लावावे. तोवर नोव्हेंबर आलेला असतो, चौकात पाऊस पडत असतो, आणि पापनाशमची हवा काही आठवडे तरी घाटासारखी झालेली असते.