‘बहिणी दिल्या घरी सुखी आहेत’

पहाटे 5.10

राखीनंतरचा सोमवार. माहेरी आलेल्या बायका काल संध्याकाळच्या एसटीनं सासरी परतल्या. म्हणजे आज चावडीवर गर्दी. का ते पुढे कळेलच.

कणीक नवऱ्यानं मळून ठेवलीय. गेल्या वर्षीपासून कणीक आणि रात्रीची भांडी त्याच्याकडे. कणीक सैल होते, पोळी पोळपाटाला चिकटते, पण मी तोंड उघडत नाही. एकदा का ‘सरका, मी करते’ म्हटलं की वर्षभराची मेहनत पाण्यात. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषाची 88. सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगतात, ‘आमचा पोरगा बायकोला मदत करतो.’ मदत! पोळ्या तोही खातो.

सकाळी 9.50

नाशिक जिल्ह्यातली तीन गावं माझ्या सजात आहेत. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं, लोक तलाठीच म्हणतात. आणि तलाठी म्हणजे भाऊसाहेब. दारात उभा राहून एक म्हातारा विचारतो, ‘भाऊसाहेब आलं का?’ कोतवाल माझ्याकडे बोट दाखवतो. म्हातारा आत येतो, टोपी सरळ करतो आणि मलाच म्हणतो, ‘भाऊसाहेब, उतारा पाहिजे व्हता.’ सुरुवातीला राग यायचा. आता उतारा देते.

सकाळी 10.20

वारस नोंद. वडील वारले, दोघे भाऊ आलेत. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं क्लिपला लावून व्यवस्थित. वारसांच्या यादीत तीन नावं: आई आणि दोन मुलगे.

‘बहिणी किती?’

‘दोन. पण त्या दिल्या घरी सुखी आहेत, मॅडम.’

‘सुखी आहेत म्हणजे वारस नाहीत का?’

‘तसं नाही. त्यांना काही नकोय.’

‘तुम्ही विचारलंत?’

थोरला धाकट्याकडे बघतो, धाकटा कोतवालाकडे. मग थोरला म्हणतो, ‘आता परवाच राखीला आलेल्या. काही बोलल्या नाहीत.’

यादी परत केली. पाचही नावं लिहून आणा. 1994 मध्ये महाराष्ट्रानं कायदा करून, तोवर लग्न झालेल्या मुली वगळून, मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा दिला. 2005 मध्ये केंद्रानं तो सगळ्यांनाच दिला. तो कायदा लागू झाला त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, बाप हयात नसेल तर काय, हा वाद उरला होता. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात तोही मिटवला: हक्क जन्मानं मिळतो, बापाच्या हयातीशी संबंध नाही. भावांना मी एवढं सांगत बसत नाही. ‘बहिणीचं नाव लपवून प्रतिज्ञापत्र केलं तर ते खोटं ठरतं,’ एवढंच सांगते. ते लगेच समजतं.

दुपारी 12.15

आजची चौथी फाईल, आणि चारांतलं तिसरं हक्कसोडपत्र. गर्दीचं कारण हेच. बहिणी राखीला आणि भाऊबिजेला एकत्र सापडतात. ओवाळून झालं की गाडी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाकडे निघते. मग कागद माझ्याकडे येतो. बहिणीचं नाव वारस म्हणून सातबाऱ्यावर चढतं, महिन्या-दोन महिन्यांत हक्कसोडानं उतरतं. दोन फेरफार, मध्ये नोटिशीचे पंधरा दिवस, खाली मंडळ अधिकाऱ्यांची सही. तेवढ्या काळापुरती ती जमिनीची मालकीण.

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मला अडवता येत नाही, अडवूही नये. स्वखुशीनं हक्क सोडणं हाही तिचाच हक्क. पण ‘स्वखुशीनं’ हा शब्द प्रत्येक दस्तात छापील असतो, एवढं माझ्या लक्षात आलंय.

दुपारी 1.40

चावडीला बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, म्हणून शेजारच्या अंगणवाडीत जाते आणि डबाही तिथेच सेविकाताईंबरोबर खाते. आज त्यांनी विचारलं, ‘तुमच्या माहेरच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का हो?’

नाही. 2009 साली, नोकरी लागायच्या आधी, वडील गेल्यावर महिन्याभरात मी सही केली. भाऊ वाईट नाही. त्यानं दमदाटी केली नाही, काही मागितलंही नाही. गाडी आणली आणि मी बसले. येताना त्यानं साडी घेऊन दिली, जांभळी, हिरव्या काठांची. मी ती अजून नेसते. त्यानं विचारलं असतं तर मी बहुधा ‘ठेव तुला’ म्हणाले असते. विचारलं नाही, ते सोळा वर्षं खुपतंय. पुढे तलाठी झाले तेव्हा वारसा कायदा रोजच्या कामाचाच भाग झाला.

ताई म्हणाल्या, ‘मागितलं असतं तर माहेर तुटलं असतं.’ खरंय. बाईच्या हिश्शाची किंमत एकराच्या भावानं ठरत नाही, माहेरच्या उंबऱ्यानं ठरते. भावाला असा उंबरा कधी पणाला लावावा लागत नाही.

दुपारी 3.15

शिवारात. ई-पीक पाहणी चालू आहे. ज्यांना ॲप जमत नाही त्यांच्या बांधावर जावं लागतं. सोयाबीनमध्ये एक बाई एकटीच खुरपतेय. कुठल्या तासात बी उगवलं नाही, पाऊस कुठल्या दिवशी दडी मारून बसला, सगळं तोंडपाठ.

‘खातेदार कोण?’

‘ते पुण्याला असत्यात, कंपनीत.’

ॲपमध्ये पीक त्यांच्या नावावर चढलं. पीक कर्ज, विमा, फार्मर आयडी, सगळं नावामागून जातं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत बायका जेमतेम 14 टक्के होत्या. रानात बघा, हिशेब उलटा दिसेल. आणि नवरा गेला की हीच बाई सोसायटीत कर्ज मागायला जाते तेव्हा तिला विचारतात, तुम्ही शेतकरी कशावरून? हातावरचे घट्टे पुरावा म्हणून चालत नाहीत.

संध्याकाळी 5.30

बंद करता करता एक जोडपं आलं. पन्नाशीचे असतील. त्याला हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचंय. मी खुर्चीतून उठलेच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली, 1992 मध्ये शासनानं तसं परिपत्रक काढलं: नवऱ्यानं स्वतःहून अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. माझ्या नोकरीत असे अर्ज किती आले? एका हाताची बोटं पुरतील. बहुतेकांना हे ठाऊकच नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतात, ‘काय घाई आहे?’

‘हे कसं सुचलं?’ मी विचारलं.

तो म्हणाला, ‘माझ्या बहिणीला टाकून दिलं, तवा तिच्या नावावर काय बी नव्हतं.’

बायको काही बोलली नाही. सही करायला पेन घेतला, नाव दोनदा गिरवून पाहिलं, मग कागदावर लिहिलं.

रात्री 9.30

भांडी घासल्याचा आवाज येतोय. घासणी जरा जोरात फिरतेय, कढईवर ओरखडे उठले असणार. जाऊ दे.

तुम्ही शहरात असाल, नोकरीत असाल, शेतीचा संबंध सुटला असेल, तरी गावाकडे गट नंबर असेलच. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा फुकट बघता येतो. आज रात्री उघडा आणि नावं वाचा. आईचं आहे का, आत्याचं आहे का, बहिणीचं आहे का. नसेल तर तिला फोन करा आणि विचारा, तुला हवंय का? पुढच्या राखीची वाट बघू नका. चावडी सकाळी पावणेदहाला उघडते.