गालजीबागचा काळोख

गोव्याच्या दक्षिणेस, काणकोण तालुक्यात, गालजीबागचा निवांत किनारा आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सुरूचे बन. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवी रात्री येथे येते, वाळूत खड्डा करून सुमारे १०० अंडी घालते, ती झाकते आणि निघून जाते. पिल्लांची भेट तिच्या नशिबी नाही!

सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बहुधा रात्रीच बाहेर पडतात. त्यांना वाट कोण दाखवितो? बनाची बाजू काळीभोर, पाण्यावरचे आकाश किंचित उजळ. त्या उजेडाच्या रोखाने ती धावतात. किनाऱ्यावर विजेचा दिवा असला, तर ती फसून जमिनीकडे वळतात. आम्ही संध्याकाळी तेथे गेलो, तेव्हा पिशवीतील विजेरी पिशवीतच राहिली.