कलम ३०९ गेलं, पण २२६ आलं

१ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला वर्षभरापर्यंतच्या कैदेची तरतूद करणारं, १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ गेलं. विधी आयोगाने १९७१मध्येच ते रद्द करायला सांगितलं होतं, २००८मध्ये पुन्हा सांगितलं. या कलमाखाली प्रत्यक्ष शिक्षा क्वचितच व्हायची. खरं नुकसान व्हायचं ते दवाखान्यात. रुग्ण आणला की केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस होणार, पोलीस जबाब घ्यायला येणार, हे घरच्यांना ठाऊक असतं. मग ‘चुकून औषध पोटात गेलं’, ‘पाय घसरला’ असं सांगितलं जातं. डॉक्टरांना खरी हकीकत कळत नाही, उपचारांतला मोलाचा वेळ जातो. केसपेपरवर ‘अपघात’ लिहिला गेला की मानसोपचारतज्ज्ञाला बोलावण्याचं कारणच उरत नाही. आधी एकदा झालेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत ठळक इशारा असतो आणि घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. ज्याला मदत हवी, नेमका तोच माणूस कायद्याच्या धाकाने नजरेआड होत होता.

धाक गेला तर लोक सर्रास जीव द्यायला निघतील, हा आक्षेप जुना आहे. जगणंच नको झालेल्याला वर्षभराच्या कैदेची भीती कशी वाटेल? इंग्लंडने १९६१मध्ये हा गुन्हा रद्द केला. पुढच्या दशकात तिथल्या आत्महत्या वाढल्या नाहीत, घटल्या. त्याचं श्रेय कायद्याला देणं चूक ठरेल. घरगुती गॅसमधला विषारी वायू कमी झाला, हे त्यामागचं मोठं कारण. पण धाक उठल्याने आकडे चढले नाहीत, एवढं त्यातून नक्की दिसतं. आपल्याकडे २०२२मध्ये १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद झाली. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक. त्या वर्षी ३०९ कायद्याच्या पुस्तकात होतंच.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७च्या कलम ११५ने आधीच वेगळी वाट दाखवली होती. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरा, तिच्यावर खटला नको, तिच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची, असं ते सांगतं. मात्र त्याचा मजकूर लिहिला गेला तो ३०९चं नाव घेऊन. नव्या संहितेत कलम २२६ आलं आहे आणि त्याला ते संरक्षण लागू होतं का, हे स्पष्ट नाही. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर पुन्हा एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा.

प्रशासनाला वेठीला धरू देऊ नये, ही सरकारची काळजी खोटी नाही. आत्मदहनाच्या इशाऱ्यावर निर्णय होऊ लागले, तर रांगेत शांतपणे उभ्या असलेल्यावर अन्याय होईल. पण सरकारी कामातल्या अडथळ्यासाठी वेगळी कलमं आहेतच. शिवाय हतबलता आणि मागणी या दोन गोष्टी एकाच माणसात अशा मिसळलेल्या असतात की पोलीस ठाण्यात बसून त्या वेगळ्या करता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६मध्ये ३०९ घटनाबाह्य ठरवलं, ते प्रकरण पाहा. अपघातानंतर मानसिक आजार जडलेला एक पोलीस शिपाई, पत्नीच्या भाजीच्या दुकानाच्या परवान्यासाठी पालिकेकडे खेटे घालणारा. त्याने प्रयत्न केला तो पालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाला त्याच्यात गुन्हेगार दिसला नाही. हा निकाल पुढे टिकला नाही, कारण १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३०९ वैध ठरवलं. पण आज तोच शिपाई सरळ २२६च्या चौकटीत बसेल. २०१८मध्ये मंत्रालयात वरून उड्या मारणाऱ्या ज्यांच्यामुळे जाळी बसवावी लागली, तेही बसतील.

म्हणून २२६ काढायलाच हवं. त्याला वेळ लागणार असेल, तर तोवर गृहखात्याने प्रत्येक ठाण्याला लेखी आदेश द्यावा : हे कलम लावण्याआधी कलम ११५चं गृहीतक लागू धरा आणि मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल घ्या. आरोग्यखात्याने अशा प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्याआधी पुढच्या भेटीची तारीख आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक केसपेपरवर लिहून द्यावा, आणि रुग्ण त्या तारखेला आला नाही तर त्याच्या घरी फोन करावा.