गजाआडचे मारेकरी

एरिक मॅटी दिग्दर्शित ‘ऑन द जॉब’ (२०१३) हा फिलिपिनो भाषेतला गुन्हेगारीपट. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना काही काळ गुपचूप बाहेर सोडायचे, त्यांच्याकडून ठरलेला खून करवून घ्यायचा आणि त्यांना पुन्हा कोठडीत आणून बसवायचे, या धंद्याची ही कथा आहे. पोलीस मारेकऱ्याच्या मागावर मनिला शहर पालथे घालतात आणि सरकारी दप्तरात मात्र तो गजाआडच असतो. सुपारी घेणाऱ्याला तुरुंगाइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

कथेचे बीज ऐकीव हकिकतीतले आहे. चित्रीकरणाच्या गाडीवर काम करणाऱ्या एका चालकाने मॅटी यांना आपली पूर्वकथा सांगितली होती. कैदेत असताना आपल्याला अशाच कामांसाठी बाहेर काढले जाई, असे त्याचे म्हणणे होते. पुढे मॅटी आणि मिचिको यामामोतो यांनी मिळून पटकथा लिहिली.

चित्रपटात दोन जोड्या समोरासमोर येतात. पहिली जोडी मारेकऱ्यांची. ‘तातांग’ या नावाने ओळखला जाणारा मारियो (जोएल टोरे) या कामात मुरलेला आहे. शिक्षा संपत आल्याने तो तरुण दानिएलला (जेराल्ड अँडरसन) आपल्या जागी तयार करतो आहे. सुरुवातीलाच उत्सवाच्या गर्दीत भर रस्त्यावर एक खून होतो. काम उरकले की दोघे मुकाट्याने तुरुंगाची वाट धरतात. दुसरी जोडी तपास करणाऱ्यांची. त्यात अनुभवी पोलीस आकोस्ता (जोई मार्केझ) आणि राष्ट्रीय अन्वेषण विभागातला तरुण वकील-अधिकारी फ्रान्सिस (पिओलो पास्कुआल) आहेत. फ्रान्सिसचा सासरा खासदार आहे. तपासाचे धागे सासऱ्याच्याच राजकीय वर्तुळाकडे जाऊ लागतात, तेव्हा नोकरी, घर आणि सचोटी यांपैकी काय राखायचे, असा पेच त्याच्यापुढे पडतो.

मॅटी तुरुंग एखाद्या गजबजलेल्या वस्तीसारखा दाखवतात. तिथे दाटीवाटी आहे, देवघेव आहे, पैशावर ठरणारी पत आहे. खुनाच्या पैशातून तातांग मुलीच्या कायद्याच्या शिक्षणाचा खर्च भागवतो. बाप कायदा मोडून कमावतो आणि लेक तोच कायदा शिकते, या विसंगतीवर चित्रपट वेगळे भाष्य करत नाही. थरार बहुतेक वेळा पळापळीतून येतो. रुग्णालयातल्या पाठलागात जिने, अरुंद मार्गिका आणि भांबावलेली माणसे यांतून कॅमेरा धावत राहतो. मारामारीला नृत्याची सफाई नाही. माणसे धडपडतात, धापा टाकतात.

मनिलाच्या अंधाऱ्या बाजूवरचे सिनेमे फिलिपिन्सला नवे नाहीत. लिनो ब्रोका यांनी १९७५ मध्ये ‘मायनिला’तून खेड्यातून आलेल्या तरुणाची या शहरात होणारी परवड दाखवली. ब्रिलांते मेंडोझा यांना ‘किनाताय’साठी २००९ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. तोही गुन्हेगारीपटच होता, पण प्रेक्षकांना जड जाणारा. मॅटी यांनी हा वास्तववाद आणि लोकप्रिय तारे असलेला व्यावसायिक सिनेमा एकत्र आणले. ‘ऑन द जॉब’ कानच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात दाखवला गेला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये फिलिपिन्समध्ये प्रदर्शित झाला.

२०२१ मध्ये ‘ऑन द जॉब : द मिसिंग ८’ हा पुढचा भाग आला. तब्बल साडेतीन तासांच्या या चित्रपटात मनिला मागे पडते. एका लहान शहरातले पत्रकार बेपत्ता होतात आणि आजवर सत्तेची री ओढणाऱ्या एका पत्रकाराचे डोळे उघडतात. २००९ मध्ये मागिंदानाओ प्रांतात झालेल्या हत्याकांडातल्या ५८ बळींपैकी ३२ पत्रकार व माध्यमकर्मी होते. ज्या देशाने हे पाहिले, तिथे हा विषय कल्पनेतला वाटत नाही. डोळे उघडलेल्या त्या पत्रकाराच्या भूमिकेसाठी जॉन आर्सिया यांना व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ‘व्होल्पी कप’ मिळाला.

दोन्ही भागांत गोळी झाडणारा हात कैद्याचा आणि हुकूम वरच्या माणसाचा असतो. मारेकरी सापडला तरी त्याला तुरुंगाबाहेर काढणारी यंत्रणा शाबूत राहते. गुन्हेगार पकडला की गुन्हा संपला, ही या चित्रप्रकारातली नेहमीची समजूत मॅटी यांनी मोडीत काढली आणि हेच या चित्रपटांचे खरे बळ आहे.